मोबाईलवर मोरपिशी, कागदावर मळकट

गणेशोत्सव आठ दिवसांवर आला की गल्लोगल्लीच्या मंडळांत एकच घाई उडते: अहवाल छापून यायचा आहे. मुखपृष्ठ कार्यकर्त्यांपैकीच कुणीतरी हौसेने मोबाईलवर केलेले असते. मागे चकाकता मोरपिशी, त्यावर राणी रंगात मंडळाचे नाव, मधोमध सोनेरी गणपती. ग्रुपवर वाहवा होते. मग गठ्ठे येतात आणि चेहरे पडतात. मोरपिशी पार विझलेला, राणी रंग कोमेजलेला, गणपतीचे सोने मोहरीच्या वळणावर गेलेले. मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ. आत अध्यक्षांच्या मनोगतात जोडाक्षरांचे सांधे निखळलेले. मंडळ प्रेसवाल्याला धारेवर धरते आणि प्रेसवाला शांतपणे म्हणतो, ‘फाईलच तशी होती.’

दोघांचेही बरोबर असते. कार्यकर्त्याने पडद्यावर पाहिले ते एक चित्र होते. प्रेसला मात्र चार शायांच्या चार प्लेट्स आणि कागद कापणारे एक पाते यांच्यासाठी नेमक्या सूचना हव्या असतात. त्या सूचना फाईलमध्ये नसल्या तरी छपाई अडत नाही. वाटेतले कुठले तरी सॉफ्टवेअर तुमच्या वतीने निर्णय घेऊन मोकळे होते. छपाईसाठी फाईल तयार करणे म्हणजे हे निर्णय आपणच आधी घेणे. निर्णय तसे मोजके आहेत. प्रत्येकामागे एखादे साधे भौतिक कारण आहे, आणि ते कळले की नियमांची जपमाळ ओढावी लागत नाही.

उजेड देणारा रंग, उजेड खाणारा रंग

मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो. त्यावरच्या प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. तिन्ही बंद म्हणजे काळा, तिन्ही पूर्ण पेटले म्हणजे पांढरा. या पद्धतीला आरजीबी म्हणतात. रंग मिसळत जाल तसा उजेड वाढत जातो.

कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला पांढरा उजेड कागदावर पडतो, शाई त्यातला काही भाग खाऊन टाकते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. निळसर सायन शाई लाल उजेड खाते, गुलाबी मॅजेंटा हिरवा खाते, पिवळी निळा खाते. सायनवर पिवळी छापली की लाल आणि निळा दोन्ही गेले, हिरवा उरला. मॅजेंटावर पिवळी छापली की कुंकवाचा लाल. तिन्ही एकावर एक छापल्या तर सगळा उजेड खाल्ला जाऊन काळा मिळायला हवा, पण शाया तितक्या शुद्ध नसतात. मिळतो तो गढूळ तपकिरी. म्हणून चौथी काळी शाई. या चौकडीला सीएमवायके म्हणतात.

आता मोरपिशीचे काय झाले ते कळेल. दिव्यांनी जे झगझगीत रंग दाखवता येतात, त्यांतले बरेच उजेड खाऊन मिळवताच येत नाहीत. चकाकता निळा, पोपटी, झगझगीत नारिंगी, राणी हे रंग छपाईच्या हद्दीबाहेर पडतात आणि हद्दीतल्या सर्वांत जवळच्या रंगावर आणून बसवले जातात. तो जवळचा रंग नेहमी थोडा मंदच असतो. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, गर्द जांभळा यांची फारशी पडझड होत नाही. उलटही थोडेसे खरे आहे: चांगल्या आर्ट पेपरवरची शुद्ध सायन शाई साध्या पडद्याला पूर्णपणे दाखवता येत नाही. म्हणजे छपाई गरीब आणि पडदा श्रीमंत असे सरसकट म्हणता येत नाही. दोघांची इस्टेट वेगवेगळ्या गावी आहे.

निळ्याची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. पडद्यावरचा गडद निळा सीएमवायकेत बदलताना सॉफ्टवेअर सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्या प्रमाणात घालते आणि छापून येतो जांभळा. निळा निळाच हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा. राजकीय पक्षांच्या आणि शाळांच्या छापील साहित्यात एकच निळा दहा तऱ्हांनी दिसतो, त्याचे मोठे कारण हे.

आरजीबी फाईल तशीच पाठवली तर हे रूपांतर प्रेसमध्ये होतेच. प्रश्न इतकाच की ते तुमच्या डोळ्यांसमोर व्हावे की पाठीमागे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सीएमवायके करून पाहिले तर मोरपिशी कुठवर उतरतो ते दिसते आणि वेळेवर दुसरा रंग निवडता येतो. रूपांतराला कोणता कागद, कोणती शाई ही माहिती लागते. ती ज्या छोट्या फाईलमध्ये भरलेली असते तिला प्रोफाईल म्हणतात. असे प्रोफाईल सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना आणि सॉफ्टवेअरना सारखेच वाचता यावेत म्हणून १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन झाली. आर्ट पेपरचा प्रोफाईल वेगळा, वर्तमानपत्री कागदाचा वेगळा. आपल्या कामाला कोणता लावायचा हे प्रेसच सांगेल. काही आधुनिक प्रेस आता फोटो आरजीबीतच मागतात आणि शेवटच्या टप्प्यावर स्वतः बदलतात, तेव्हा आधी विचारलेले बरे.

फिकटपणा शाईत नसतो

घरातल्या कॅलेंडरवरच्या देवाच्या चेहऱ्याला भिंग लावून पाहा. गालावरची कोवळी गुलाबी छटा नाहीशी होते आणि दिसतात मॅजेंटाचे आणि पिवळ्याचे बारीक ठिपके, मधून मधून पांढरा कागद. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या यंत्राला फिकट गुलाबी छापता येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: इथे शाई, इथे नाही. छटा हा सगळा ठिपक्यांच्या आकाराचा खेळ असतो. ठिपके लहान तर छटा फिकट, मोठे तर गडद. याला हाफटोन म्हणतात.

एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसवायच्या हे कागद ठरवतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर सर्वसाधारणपणे १५०, तर शाई शोषून पसरवणाऱ्या वर्तमानपत्री कागदावर ८५ ते १००. चारही रंगांच्या ओळी एकाच दिशेने ठेवल्या तर एकमेकींवर पडून जाळीची नक्षी उमटते, म्हणून त्या वेगवेगळ्या कोनांत फिरवतात: काळा ४५ अंश, मॅजेंटा ७५, सायन १५ आणि पिवळा शून्य. पिवळा सर्वांत कमी दिसतो, त्यामुळे सर्वांत वाईट कोन त्याच्या वाट्याला. छापील मासिकातला फोटो स्कॅन करून पुन्हा छापला की जाळी दिसते ती यामुळेच. त्या फोटोत आधीचे ठिपके असतात आणि त्यांवर नवे ठिपके चढतात.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तेव्हा ही चौकडी तिथे नव्हती. रंगागणिक वेगळा दगड, आणि एकेका चित्राला असे कितीतरी दगड. कोणत्या दगडावर चित्राचा कोणता भाग जायचा हे कारागीर डोळ्यांनी ठरवत. चित्र फोडून रंगांत वाटण्याचे ते काम आज तुमचे सॉफ्टवेअर निमिषात करते. न सांगता करते, हाच त्यातला धोका.

आता ‘फोटो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंचा, पाठवा’ या वाक्याकडे येऊ. इंचात १५० ओळी असतील तर प्रत्येक ओळीसाठी फोटोतले सुमारे दोन बिंदू हाताशी असावेत असा अनुभव आहे. १५० गुणिले दोन, म्हणून ३००. वर्तमानपत्राला याच हिशेबाने २०० पुरतात. चौकातला फ्लेक्स लोक वीस-तीस फुटांवरून पाहतात, तिथे ७२ किंवा त्याहून कमीही चालतात. फ्लेक्स ३०० डीपीआयचा केलात तर फाईल तेवढी फुगेल आणि फरक पाखरांनाच दिसेल.

यातली खरी संख्या बिंदूंची. ३००० बिंदू रुंद फोटो इंचाला ३०० या दराने १० इंच रुंद छापता येतो. २०० बिंदूंचे बोधचिन्ह वेबसाईटवरून उचलले तर ते जेमतेम १७ मिलिमीटरला पुरते. सॉफ्टवेअरच्या चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिले म्हणजे फोटो सुधारला असे मानणारे बरेच भेटतात. एकतर छापील आकार तेवढा आक्रसतो, नाहीतर सॉफ्टवेअर मधले बिंदू अंदाजाने रचते. गुळगुळीतपणा येईल, तपशील नाही.

अहवालातल्या जाहिराती हा वेगळाच अध्याय. दुकानदार आपल्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. फोटो म्हणून पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी पोचते. बोधचिन्हे आणि अक्षरे मात्र फोटोच्या रूपात नसावीतच. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमधली मूळ आकृती मागावी. तिच्यात बिंदू नसतात, रेषांचे गणित असते, त्यामुळे ती तिकिटाएवढी करा की कमानीएवढी, कड धारदारच राहते.

काळा किती काळा

काळ्याइतके नुकसान दुसरा कुठलाच रंग करत नसेल, आणि तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो.

पडद्यावरचा शुद्ध काळा, म्हणजे तिन्ही दिवे बंद, फोटोशॉपच्या जुन्या नेहमीच्या सेटिंगने सीएमवायकेत बदलला तर मिळते सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०. पडद्यावर दिसायला काळाच. छापताना मात्र तुमच्या मनोगताचे प्रत्येक अक्षर चार वेळा छापले जाते, चार प्लेट्सवरून, धावत्या कागदावर. चारही छाप तंतोतंत एकमेकांवर पडणे याला प्रेसमध्ये रजिस्ट्रेशन म्हणतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी चूक चांगल्या यंत्रावरही होते. मोठ्या फोटोत ती कळत नाही. दहा पॉइंटच्या देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर गुलाबी झालर येते, खाली निळसर, आणि अनुस्वाराच्या टिंबाभोवती रंगीत कडे. वाचणाऱ्याला काय बिघडले ते सांगता येत नाही. डोळे तेवढे दुखतात. वर्ड किंवा मोबाईल अ‍ॅपमधून आलेला मजकूर बहुधा असाच चार रंगी काळा असतो. म्हणून मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के, बाकी तीन शून्य असा बांधून घ्यावा.

मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला नेमके उलटे. एकट्या काळ्या शाईचे मोठे क्षेत्र करडे आणि उपाशी दिसते. तिथे खाली थोडे बाकीचे रंग द्यायचे, उदाहरणार्थ सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००. त्यांची बेरीज होते २४०. या बेरजेला मर्यादा आहे, कारण कागद तितकीच शाई पचवतो. वर्तमानपत्राला २४०च्या आसपास, चांगल्या आर्ट पेपरला ३०० किंवा थोडी वर. चारही रंग १०० टक्के भरून ‘एकदम डार्क’ करणारे महाभाग ४००पर्यंत जातात. मग शाई वाळत नाही आणि ओल्या गठ्ठ्यात एका कागदाची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. वाळेपर्यंत थांबायला उत्सवाच्या आठवड्यात प्रेसला वेळ नसतो.

एक गंमत पांढऱ्या अक्षरांची. रंगीत पट्टीवर काळे अक्षर येते तेव्हा दोन पर्याय असतात: अक्षराच्या आकाराची पट्टी खालून कोरून काढायची, किंवा न कोरता वरून छापायचे. बारीक काळ्या अक्षरांसाठी वरून छापणे उत्तम, म्हणजे रजिस्ट्रेशन हलले तरी पांढरी फट दिसत नाही. याला ओव्हरप्रिंट म्हणतात. आता तेच काळे अक्षर डिझायनरने ऐनवेळी पांढरे केले आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली, तर? पांढरी शाई नसतेच. पांढरे म्हणजे कोरा कागद. फाईल यंत्राला सांगते, खालची पट्टी कोरू नकोस आणि वरून काहीही छापू नकोस. यंत्र आज्ञाधारक. पडद्यावर साधेपणी पाहिले तर अक्षरे दिसतात, छापील प्रतीत देणगीदाराचे नाव गायब. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून पाहिले की हे आधीच उघडकीला येते.

पाते कुठे पडेल

मुखपृष्ठाच्या कडेची ती पांढरी रेघ शाईची चूक नव्हे. शंकरपाळी करताना पोळी कधी नेमक्या मापाची लाटत नाहीत; थोडी मोठी लाटतात आणि कातण्याने कडा काढून टाकतात. छपाईतही पान मोठ्या कागदावर छापून मग कापले जाते. शेकडो कागदांचा गठ्ठा कटिंग मशीनमध्ये दाबून धरतात आणि पाते उतरते. गठ्ठा किंचित सरकतो, वरच्या आणि खालच्या कागदांत बारीक फरक पडतो. पार्श्वभूमी पानाच्या कडेशी नेमकी थांबत असेल तर पाते अर्ध्या मिलिमीटरने बाहेर पडताच कोरा कागद दिसू लागतो. म्हणून रंग किंवा फोटो कडेपर्यंत जाणार असेल तर तो चारही बाजूंना ३ मिलिमीटर बाहेर पसरवून द्यायचा. यालाच ब्लीड म्हणतात. आणि पाते आतही सरकू शकते, म्हणून मजकूर, पान क्रमांक, फोन नंबर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत.

आपल्याकडच्या पत्रिका आणि मुखपृष्ठे यांना कडेलगत नाजूक महिरपी चौकटीचा भारी सोस. माझे मत विचाराल तर ती टाळावी. पाते एक मिलिमीटर सरकले की एका बाजूला चौकटीबाहेरची पट्टी ४ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला २, आणि हा तिरपेपणा अगदी अनोळखी माणसालाही लगेच खुपतो. चौकट हवीच असेल तर कडेपासून चांगली आत घ्या.

पानांचा हिशेब प्रेसवर सोपवा. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या क्रमाने पाने मांडून घडी घातली की फॉर्मा होतो, बहुधा १६ पानांचा. पान एकच्या शेजारी पान सोळा कसे येते हे प्रेसचे सॉफ्टवेअर बघते. तुम्ही एकेक पान सुटे, सरळ क्रमाने द्यायचे. समोरासमोरची दोन पाने जोडून दिली तर त्यांना ती पुन्हा तोडावी लागतात. पानसंख्या चारच्या पटीत असावी, शक्य तर आठच्या किंवा सोळाच्या. मधोमध पिना मारलेल्या जाड अंकात आतली पाने बाहेर सरकतात आणि कापताना त्यांची कड जास्त जाते, हे लक्षात घेऊन आतल्या पानांचा समास सैल ठेवतात. चिकटवलेल्या पुस्तकाला कणा असतो आणि मुखपृष्ठाच्या फाईलमध्ये त्याची रुंदी आधी धरावी लागते. कागद ०.१ मिलिमीटर जाड असेल तर १६० पृष्ठांच्या, म्हणजे ८० पानांच्या पुस्तकाचा कणा ८ मिलिमीटर. कागद बदलला की कणा बदलतो, आणि कागद शेवटच्या आठवड्यात हमखास बदलतो.

मराठी अक्षरांची वेगळी साडेसाती

इथपर्यंतचे दुखणे जगभराचे. यापुढचे आपले.

मराठी डीटीपीची काही दशके श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टवर गेली. त्या काळात संगणकाला देवनागरी समजत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले: एका जागी अर्धा स, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. फाईलच्या लेखी तिथे मराठी मजकूर नसतोच, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक रांग असते. तो विशिष्ट फॉन्ट लावला तरच ती मराठी दिसते. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला, किंवा त्याच नावाची वेगळी आवृत्ती असली, की सगळे मनोगत अगम्य चिन्हांत कोसळते. पेजमेकरला युनिकोड येत नव्हते, आणि त्याची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली. तरी जुन्या फाईली आणि जुने हात अजून कामात आहेत.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला त्याची स्वतःची जागा दिली, पण निराळी गुंतागुंत आणली. युनिकोडमध्ये ‘कि’ साठी आधी क आणि मग वेलांटी अशी नोंद असते. वेलांटी डावीकडे आणून बसवणे, त आणि र जोडून त्र करणे, रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवणे, हे काम सॉफ्टवेअरमधले अक्षररचनेचे इंजिन करते. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो न निवडता मजकूर पेस्ट केला की वेलांटी चुकीच्या बाजूला, पाय मोडलेली अक्षरे उघडी. अध्यक्षांच्या मनोगताचे सांधे निखळले ते असे. चूक टायपिंगची नव्हती.

त्याहून फसवी चूक अर्ध्या र ची. ‘शेतकऱ्यांनी’ मधला तो आडवा, पापणीसारखा र मराठीची खास गरज. तो दोन प्रकारे टाईप होतो, आणि त्यातल्या एका प्रकारात मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह असते. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात, किंवा श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेताना ते जोडचिन्ह गळाले की ‘शेतकर्यांनी’ उरते आणि ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. स्पेलचेक ‘दर्या’ ला अडवणार नाही. तो शब्द मराठीत आहेच. त्यामुळे रूपांतरानंतर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द वेगळे शोधून तपासणे हा मुद्रितशोधनाचा स्वतंत्र टप्पा समजावा.

ल आणि श यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा आदेश काढताना हे मराठी वळणच धरले. काही युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी वळण उमटते. भाषा ‘हिंदी’ राहिली की कविता मराठी, ल हिंदी.

या सगळ्यावर तोडगा म्हणजे पीडीएफ करताना फॉन्ट फाईलमध्येच बंद करणे, म्हणजे एम्बेड करणे. कोरलड्रॉवर काम करणारे प्रेस म्हणतात ‘कर्व्ह करून पाठवा’: अक्षरांचे अक्षरपण काढून त्यांच्या नुसत्या आकृत्या करायच्या. सुरक्षित मार्ग, पण परतीचा नाही. कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये उपाध्यक्षांच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ करता येत नाही. मूळ फाईल जपून ठेवून तिची प्रत कर्व्ह करावी.

काळ्यावर पांढरी अक्षरे, ज्याला ‘रिव्हर्स’ म्हणतात, तिथेही देवनागरीला जपावे लागते. छापताना ठिपका फुगतो. वर्तमानपत्री कागदावर ५० टक्क्यांचा ठिपका ७५च्या घरात जातो. हीच फुगणारी शाई पांढऱ्या अक्षरात चहूबाजूंनी शिरते. ‘क’ चे पोट, ‘ष’ मधली तिरपी फट, उकाराखालची जागा बुजते. रिव्हर्स मजकूर एक नंबर मोठा, वजनाने जाड फॉन्टमध्ये, आणि शक्यतो एकाच शाईच्या पट्टीवर घ्यावा.

सोनेरी नावाचा पाचवा रंग

पडद्यावरचे सोने हा पिवळ्या-तपकिरी छटांचा आभास आहे. चार शायांत धातू नाही, म्हणून कागदावर चमक नाही. खरे सोनेरी हवे असेल तर पाचवी प्लेट आणि धातूच्या भुकटीची वेगळी शाई लागते. अशा तयार मिसळलेल्या शाईला स्पॉट कलर म्हणतात. पॅन्टोन कंपनीने १९६३ मध्ये काढलेल्या क्रमांकांनी ती ओळखली जाते. लग्नपत्रिकेवरचा चकचकीत गणपती बहुधा शाईचा नसतोच. तो तापवलेल्या ठशाने दाबलेला फॉइल असतो. त्यासाठी गणपतीची आकृती वेगळ्या थरावर, पूर्ण काळ्यात, छटा न घालता द्यावी लागते, कारण ठसा फक्त दाबतो किंवा दाबत नाही. सोंडेवरचे केसासारखे बारीक तपशील फॉइलमध्ये भरून जातात, ते आधीच काढून टाकावेत.

> चौकट: डिझाईन सुरू करण्यापूर्वी प्रेसला विचारायचे
>
> कापल्यानंतरचा नेमका आकार किती, ब्लीड किती? कागद कोणता आणि किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम)? छपाई ऑफसेटवर की डिजिटलवर (दोन-तीनशे प्रतींसाठी बहुधा डिजिटल, तिथे प्लेट्स नसतात, पण ब्लीड, फॉन्ट आणि बिंदूंचे नियम तेच)? कोणता प्रोफाईल लावू, शाईची कमाल बेरीज किती? फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ चालेल की कर्व्ह हवे? मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन आहे का? (असेल तर रंग आणखी थोडे दबतील.)

पाठवताना आणि नंतर

पीडीएफ १९९३ मध्ये आली. पण पीडीएफ म्हणजे छपाईयोग्य असे नाही. तिच्यात आरजीबी फोटो, गहाळ फॉन्ट, ध्वनिचित्रेसुद्धा मावतात. म्हणून छपाईसाठी तिचे शिस्तीचे प्रकार ठरवले गेले. २००१ चा पीडीएफ/एक्स-१ए सर्वांत कडक: सगळे फॉन्ट आत, सगळे रंग सीएमवायके किंवा स्पॉट, पारदर्शक सावल्या आधीच सपाट केलेल्या. पुढे आलेला एक्स-४ पारदर्शकता राहू देतो आणि नव्या यंत्रणांना तो सोयीचा पडतो. निर्यात करताना यादीतून हे नाव निवडले की वरच्या बऱ्याच चुका सॉफ्टवेअर स्वतःच पकडते. संपूर्ण पान जेपीजी करून पाठवण्याची सवय मात्र सोडावी. तिच्यात मजकूरसुद्धा बिंदूंचा होतो, काळा चार रंगी होतो आणि दर वेळी साठवताना कडांभोवती धुरळा वाढतो.

प्रेस प्रूफ देतो तेव्हा आधी विचारावे की हे कशाचे प्रूफ आहे. साध्या लेझर प्रिंटरवरचा कागद मजकूर आणि मांडणी तपासण्यापुरता असतो. त्यावर रंगाचा वाद घालण्यात अर्थ नाही. रंगाचे प्रूफ वेगळे, त्याचे पैसे वेगळे, आणि ते पाहायचे ठरलेल्या ५००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात. तसा दिवा नसला तर दिवसा खिडकीशी पाहा, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली नको. रंगांची एखादी जोडी एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फारकत घेते.

यंत्रावर उभे राहून ‘गणपतीत जरा लाल वाढवा’ सांगणारे बरेच असतात. ऑपरेटर वाढवू शकतो, पण तो फक्त गणपतीत वाढवू शकत नाही. शाईची टाकी कागदाच्या रुंदीत तीनेक सेंटिमीटरच्या पट्ट्यांत वाटलेली असते. एका पट्टीची किल्ली फिरवली की कागदाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत त्या पट्टीत येणाऱ्या प्रत्येक चित्रात मॅजेंटा वाढतो. मोठ्या कागदावर तुमच्या गणपतीच्या मागच्याच घरात दुसऱ्या कुणाच्या मिठाईची जाहिरात असेल, तर तिचे पेढेही गुलाबी व्हायला लागतात. मग ऑपरेटर किल्ली अर्ध्यावर आणतो, दोन्ही चित्रे थोडी थोडी बिघडवतो आणि यंत्र चालू करतो.